सावंत काकांची हिरवी टिक

या ग्रुपवर मी दोन-अडीच वर्षं नुसती वाचायला येते. कामावरून घरी जाताना रिक्षात बसले की मोबाईल उघडायचा, एखादा अनुभव वाचायचा आणि मनातल्या मनात हसायचं — राग मानू नका. माझ्या मावशीच्या अंगात यायचं, तेव्हा सगळी नमस्कार करत असायची आणि मी म्हणायचे, आधी हिचं बीपी बघा. बीपी वाढलेलंच असायचं.

शिवाय माझं कामच असं आहे. चौदा वर्षं मी वृद्धाश्रमात आहे. आमच्याकडे माणसं जातात. सकाळी जातात, दुपारी आम्ही गादी उन्हात टाकतो आणि चार दिवसांत त्या पलंगावर दुसरं कोणीतरी येतं. भूत-बित असतं तर सगळ्यांत आधी मला दिसलं असतं, कारण बऱ्याच जणांना शेवटची अंघोळ मीच घातलेली आहे. कोणी परत आलं नाही. आलं असतं तर मी त्यांनाच कामाला लावलं असतं, इतका आमच्याकडे माणसांचा तुटवडा आहे.

पण गेल्या जानेवारीत जे झालं त्यात मेलेलं कोणी नाहीच. त्यामुळे त्याला काय म्हणायचं तेही मला कळत नाही. आणि त्यात माझी चूक आहे, ती पण लिहिणार आहे. ती सोडून लिहिलं तर अर्थच नाही.

आमचा आश्रम मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, एका जुन्या सोसायटीत आहे. नाव देत नाही, नोकरी अजून तिथेच आहे. तळमजल्यावर ऑफिस, किचन आणि हॉल. ज्यांना चालता येतं किंवा व्हीलचेअरवर बसता येतं ते तळमजल्याच्या खोल्यांत, आणि जे पलंगालाच आहेत ते पहिल्या मजल्यावर. एकूण बत्तीस माणसं. मी नर्स नाही, पण सगळे सिस्टर म्हणतात. मी पण आता दुरुस्त करत नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे व्यायामाचा डिजिटल प्रोग्रॅम आला. हॉलमध्ये मोठा टीव्ही, त्याच्यावर एक छोटा कॅमेरा, आणि माझ्या हातात टॅब. टॅबवर सगळ्यांचे फोटो असतात. ज्याची पाळी, त्याच्या फोटोवर बोट लावायचं आणि त्या माणसाला समोरच्या खुर्चीत बसवायचं. टीव्हीतली मुलगी गोड आवाजात सांगते, "आजोबा, दोन्ही हात वर... वा! शाब्बास! आणखी पाच!" कॅमेरा हात-पाय मोजतो. दहा मिनिटं झाली की त्या माणसाच्या घरच्यांच्या मोबाईलवर हिरवी टिक जाते. नाही झाली तर लाल फुली. टिकेबरोबर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पण जातो, पण त्यात चेहरा नसतो — नुसता काड्यांचा माणूस. डोकं म्हणजे गोल, हात-पाय म्हणजे रेघा. कोणाची प्रायव्हसी जायला नको म्हणून. तो व्हिडिओ कोणी बघत असेल असं मला कधी वाटलंच नाही.

प्रोग्रॅम वाईट नाही हं. आमच्या दोन आज्या त्याच्यामुळे कठड्याला न धरता उठायला लागल्या. पण खालच्या मजल्यावरची वीसेक माणसं गुणिले दहा मिनिटं, हिशेब तुम्हीच करा. आणि ज्यांची पडायची भीती आहे त्यांच्या पाठीमागे एका माणसाने उभं राहायचं, हा नियम. तो एक माणूस म्हणजे मी. माझे स्वतःचे गुडघे संध्याकाळपर्यंत कुरकुरायला लागतात, त्यांना शाब्बास म्हणणारं कोणी नाही.

आता सावंत काका. वय ब्याऐंशी, मूळ मालवणकडचे, सगळं आयुष्य गिरणीत गेलं. साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. तिथे इतका आवाज असायचा म्हणे की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून सगळे हाताच्या खुणांनी बोलायचे. काकांचे कान त्याच आवाजाने गेले आणि खुणांची सवय राहिली. दोन बोटं ओठाला लावली की चहा. पोटावर आडवा हात फिरवला की भूक. अंगठा खांद्यावरून मागे केला की मॅडम येतायत. डावा हात त्यांचा खांद्याच्या वर जात नसे, मिलमध्येच मार बसलेला. मुलगा एकच, दिलीप. राहायला गोरेगावला. अमेरिकेत नाही, दुबईत नाही... गोरेगावला. लिंक रोडने बाईकवर पाऊण तास.

सुरुवातीचे दोन आठवडे काकांनी मुकाट्याने व्यायाम केला. मी मागे उभी असायचे. मग एक दिवस त्यांना ताप होता म्हणून राहिलं, लाल फुली गेली, आणि अर्ध्या तासात ऑफिसच्या फोनवर दिलीपचा फोन. "बाबांचं आज लाल का आलं? बरे आहेत ना?" मी फोन काकांच्या कानाला लावला. ओरडून ओरडून बोलले दोघं. जेवलास काय, जेवलो बाबा, एवढंच. पण काकांचा चेहरा दिवसभर वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी मी व्हीलचेअर घेऊन गेले तर काकांनी तोंड फिरवलं.

"काका, चला ना. दहा मिनिटं."

"आज नाय."

"का? ताप तर उतरला."

"लाल झाला काय झिलाचो फोन येता," काका म्हणाले, आणि इतकं गोड हसले की मी रिकामी व्हीलचेअर परत घेऊन गेले. झील म्हणजे मुलगा, हे मला तोपर्यंत माहीत झालं होतं.

तर असा हिशेब होता म्हाताऱ्याचा. हिरवं आलं की पोरगं निश्चिंत. लाल आलं की पोरगं घाबरतं आणि फोन करतं. अशी आणखी आठ-दहा लाल गेली की फोन सोडून स्वतः येईल, असं काकांना वाटत होतं. मला तर म्हणाले पण, "येतलो बघ. फोनाक कंटाळलो काय येतलोच."

आणि इथे मी वाट लावली.

पाच दिवस सलग लाल गेल्यावर मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या मॅनेजर. त्यांचं पण वरून कोणीतरी डोकं खातं. म्हणाल्या, "वैशाली, सावंतांचा मुलगा रोज फोन करतोय. घरच्यांना वाटतं आपण बघतच नाही. मला पुढच्या आठवड्यात एक पण लाल नको. कसं करायचं ते तू बघ."

मी बघितलं. दुपारी जेवणं आटोपून सगळे आडवे झाले की मी हॉल उघडायचे, टॅबवर काकांच्या फोटोवर बोट लावायचे आणि काकांच्या खुर्चीत स्वतः बसायचे. "आजोबा, दोन्ही हात वर... शाब्बास!" दहा मिनिटांत हिरवी टिक. कॅमेऱ्याला काय, हात हलल्याशी मतलब. कधी कधी आणखी तीन-चार जणांचा व्यायाम पण मीच उरकायचे. खोटं कशाला सांगू, त्या दहा मिनिटांत मला बसायला तरी मिळायचं.

पहिल्याच दिवशी काकांना कळलं. त्यांची खोली हॉलच्या समोर, आणि मी दार लोटायला विसरले होते. बाहेर आले तर दारात व्हीलचेअर. मला वाटलं आता ओरडतील. ते एकदा टीव्हीकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "माजी बदली इली वाटता."

गिरणीत कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी त्या दिवसापुरता दुसरा घ्यायचे, त्याला बदली कामगार म्हणत. काकांनी स्वतः उमेदीची सहा वर्षं बदली म्हणून काढली होती, रोज सकाळी गेटवर उभं राहून कोणीतरी गैरहजर असावा म्हणून वाट बघत. त्यामुळे त्यांनी मला काही म्हटलं नाही. बदलीवाल्याचा काय दोष, असंच त्यांना वाटलं असणार. पण त्या दिवसापासून ते मला वैशाली म्हणायचे बंद झाले. "काय गो बदली, भरलंस माजी हजेरी?" असं रोज विचारायचे. मी हसून वेळ मारून न्यायचे.

दिलीपचे फोन थांबले. सगळं हिरवं, मग फोन कशाला करेल? जून गेला, गणपती गेले. गणपतीत येईल असं काका महिनाभर सांगत होते. मुलाने मिठाईचा बॉक्स पाठवला, कुरिअरने.

दिवाळीनंतर काका खचले. पायाला सूज, छातीत पाणी. वरच्या मजल्यावर हलवावं लागलं. दोघींनी धरल्याशिवाय पलंगावर बसता येईना, उभं राहायचं तर नावच नको. नियमाप्रमाणे मी टॅबवर "व्यायाम बंद" करायला हवं होतं. पण त्याच्यासाठी डॉक्टरांची सही, मॅडमची सही, फॉर्म... आज करू, उद्या करू करत राहिलं, आणि तोवर मी बसतच होते त्यांच्या खुर्चीत. माणूस वर पलंगावर, आणि खाली त्याच्या नावाने मी हात वर-खाली करतेय. आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा नुसता थकवा होता, लाजेला जागाच नव्हती.

डिसेंबरच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मॅडमनी माझ्यासमोर दिलीपला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं. तो म्हणाला, "पण मॅडम, मला तर रोज हिरवं येतंय. व्यायाम करतायत ना ते?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी टॅबकडे बघितलं.

"म्हणजे... तसं तब्येत वर-खाली असते हो," मॅडम म्हणाल्या. "पण एकदा येऊन जा."

"येतो. या रविवारी नाही तर पुढच्या."

दोन्ही रविवार गेले. मी त्या माणसाला एक फोन करून खरं सांगू शकत होते. नंबर माझ्याकडे होता. दोनदा काढला पण. मग वाटलं, नोकरी गेली तर? भाचीची फी, घरभाडं... ठेवून दिला मोबाईल. काकांनी विचारणं सोडलं होतं. फक्त जिन्यावर पावलं वाजली की दाराकडे मान वळायची. ती मान वळलेली मला रोज दिसायची, हे मुद्दाम लिहून ठेवते.

आता ती सकाळ.

मंगळवार होता. मी नेहमीप्रमाणे आठला पोचले. हॉलला कुलूप होतं. किमती टीव्ही आहे म्हणून हॉल रोज बंद करतो. एक चावी मॅडमकडे, त्या दहाला येतात. दुसरी माझ्या पर्समध्ये. मी कुलूप काढलं. टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद होतं, सोमवारी जाताना मी स्वतः केलं होतं. टॅब कपाटात, कपाटाला पण कुलूप. सगळं जागच्या जागी. फक्त काकांची खुर्ची... तिचं मी शपथेवर सांगू शकत नाही. मला ती थोडी दाराकडे वळलेली वाटली. कदाचित सोमवारी कुलूप लावायच्या आधी झाडणारीने सरकवली असेल.

वर गेले. रात्रपाळीची पुष्पा कपडे बदलून निघायच्या तयारीत होती, पण तोंड वेगळंच.

"दीदी, काकांना बघ ना जरा. सकाळपासून काहीतरी चाललंय त्यांचं."

"काय झालं?"

"सातला मी त्यांचं अंग पुसत होते. डोळे मिटलेले, आणि उजवा हात सारखा छातीवर मारतायत. मी घाबरले, म्हटलं अटॅक आला का काय. बीपी घेतला, बरा होता. मग म्हणाले दाढी कर, शर्ट घाल. ऐकेचनात. घातला बाई शर्ट."

काका उशांना टेकून बसवलेले होते. गुळगुळीत दाढी, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. कितीतरी दिवसांनी डोळे स्वच्छ दिसत होते. मला बघून ते हसले.

"आज बदली नको गो," म्हणाले. "आज माजी हजेरी मियाच लावलंय."

मी म्हटलं, "हो काका." भ्रमात माणसं काय काय बोलतात, त्यांना हो म्हणायचं हे आम्ही शिकलेलो आहोत. "शर्ट कशाला घातला?"

"झील येतलो मा."

हे पण ते भ्रमातच, असं मी धरून चालले. पेज आणायला खाली आले, आणि ऑफिसच्या दारात हेल्मेट हातात घेऊन एक पन्नाशीचा माणूस उभा. घामाघूम. थंडी होती, तरी घामाघूम. मी त्याला आधी कधी बघितलं नव्हतं, पण नाक काकांचं होतं.

"बाबा कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"वर. तुम्हाला फोन गेला का कोणाचा?"

"फोन नाही. हे आलं." त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.

हिरवी टिक. सावंत काकांचं नाव. वेळ सकाळी सात वाजून चार मिनिटं. खाली काड्यांच्या माणसाचा व्हिडिओ.

मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे, हॉल तर बंद होता. तो म्हणाला, "बघा तुम्ही." मी बघितलं.

खुर्चीत बसलेला काड्यांचा माणूस. दोन्ही हात वर करतो. उजवा पूर्ण वर जातो. डावा खांद्यापर्यंत येतो आणि अडकतो. परत. उजवा वर, डावा खांद्याशी. मग हात खाली. मग उजवा हात छातीवर दोनदा आपटतो, सगळा हात डोक्यावरून एकदा गोल फिरवतो आणि समोर करून बोलावतो — ये, ये. आणि मग तो उठतो. कशाला न धरता. उभा राहतो, दाराच्या बाजूला चालायला लागतो आणि चौकटीच्या बाहेर जातो. मग नुसती रिकामी जागा.

मी ऑफिसातल्या बाकावर बसले.

"हा खरा बाबा आहे," दिलीप म्हणाला. "बाकीचे नव्हते. बाकीचे तुम्ही होता का?"

मी मान हलवली. आता हा मॅडमना सांगणार, पोलीस, पेपर... काय काय डोक्यात येऊन गेलं. पण तो माझ्या शेजारीच बसला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं ताई. बाबांचा डावा हात वर जात नाही. व्हिडिओतला माणूस दोन्ही हात सरळ वर करायचा. मला कळलं होतं. पण हिरवं आलं की बरं वाटायचं हो. वाटायचं, चला, आज जायला नको. भांडण नव्हतं, काही नव्हतं. आधी कामाचं होतं, मग हिचं ऑपरेशन, मग इतके दिवस गेले की आता कोणत्या तोंडाने जाऊ असं झालं. रोज हिरवं बघायचो आणि माहीत असून गप्प बसायचो."

मला वाटत होतं, मी त्याला फसवतेय. तो फसत नव्हताच. आम्ही दोघं मिळून काकांना फसवत होतो, एकमेकांना न भेटता.

"ती खूण कसली?" मी विचारलं. काकांच्या सगळ्या खुणा मला येत होत्या. ही मी कधी बघितली नव्हती.

"ती मिलमधली. छातीवर दोन थापा आणि हात गोल म्हणजे मशीन बंद, मिल सुटली. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. बाबा नाक्यावर आले की तिथूनच मला ही खूण करायचे, आणि मी गॅलरीतून धावत खाली जायचो. मिल सुटली, ये. आता ही खूण कोणाला माहीत नाही. आई होती, ती गेली." त्याने हेल्मेट खाली ठेवलं. "मी चहा घेत होतो. हे बघितलं आणि मला वाटलं, बाबा नाक्यावर आलेत. चहा तसाच टाकला."

मी त्याला वर नेलं. जिन्यावर पावलं वाजली. काकांची मान दाराकडे वळलेलीच होती.

दिलीप दारातच उभा राहिला. आत यायचं धाडस होईना त्याचं. काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. छातीवर दोनदा हात आपटला, हळूच, ताकद नव्हती. हात गोल फिरवायला गेले तो अर्ध्यातच पडला. पण दिलीप पलंगाकडे धावला, तसा, एवढा पन्नाशीचा माणूस.

"जेवलंस काय?" काकांनी विचारलं.

"नाय बाबा," तो म्हणाला. एवढा वेळ माझ्याशी साफ मराठी बोलणारा माणूस, बापासमोर मालवणीत. "चाय पन टाकून इलंय."

मग मी पेज दोन वाट्यांत आणली. दोघांनी खाल्ली. मी बाहेर येऊन लिनेनच्या खोलीत चादरींवर डोकं ठेवून रडले. चौदा वर्षांत कामावर असताना मी रडले नव्हते.

दिलीप तीन दिवस राहिला. खाली खुर्चीवर झोपायचा. शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास काका गेले, त्याचा हात हातात असताना. शेवटची अंघोळ त्याने घातली, मी नुसतं पाणी दिलं.

आता तुम्ही कॉमेंटमध्ये जे विचारणार आहात ते आधीच लिहिते. हो, मी चौकशी केली. प्रोग्रॅमच्या कंपनीचा माणूस आला होता, चांगला होता बिचारा. त्याने लॅपटॉपवर बघून सांगितलं, सेशन खरं आहे, आमच्याच कॅमेऱ्यातून आलंय. मग म्हणाला, कधी कधी नेट नसलं की जुना व्हिडिओ अडकून राहतो आणि नंतर जातो. सुरुवातीला काका स्वतः करायचे ना, त्यातलाच असेल.

पटण्यासारखं आहे. मला पटवून घ्यायचं पण होतं. पण सुरुवातीचे दोन आठवडे मी रोज काकांच्या मागे उभी होते, नियमाप्रमाणे. कॅमेरा चौकटीतला प्रत्येक माणूस काढतो. त्या जुन्या सगळ्या व्हिडिओंत दोन काड्यांची माणसं आहेत, एक बसलेलं आणि एक मागे उभं. मी टॅबवर एकेक करून बघितले. मंगळवारच्या व्हिडिओत एकच आहे. आणि काका माझ्यासमोर खुर्चीतून आपणहून उठून चालत कधी गेलेच नाहीत. गेले असते तर मी आख्ख्या आश्रमाला चहा पाजला असता.

मी हे सगळं त्या माणसाला सांगितलं. तो लॅपटॉप मिटत म्हणाला, "सिस्टर, मी रिपोर्टमध्ये सिंक एरर लिहितो." लिहू दे. पुष्पा सातला काकांचं अंग पुसत होती, चावी माझ्या पर्समध्ये होती, बटण भिंतीवरून बंद होतं. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही. माझा अजून भुताखेतांवर विश्वास नाही. काका तर तेव्हा जिवंत होते, वरच्या मजल्यावर, पलंगावर डोळे मिटून. दिलीपने तो व्हिडिओ ठेवलाय. मी परत मागितला नाही.

एवढं मात्र झालं, की त्यानंतर मी कोणाच्याही खुर्चीत बसले नाही. ज्याने केला त्याचं हिरवं, नाही केला त्याचं लाल. मॅडम पहिल्यांदा खूप ओरडल्या. मी म्हटलं, काढून टाका मला. त्यांना माझ्या पगारात दुसरी कुठे मिळणार? आता त्या पण काही बोलत नाहीत. मंगळवारी टॅब उघडायच्या आधी मी अजून भिंतीवरचं बटण बघते, तेवढं सोडलं तर दिवस तसेच आहेत, गुडघे तसेच आहेत.

काल सात लाल गेली. पाच जणांचे फोन आले, आणि एका आजीची मुलगी संध्याकाळी स्वतः आली.